डाव्या भुवईचं उत्तर

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला लिफ्टवाला. लिफ्टवाला म्हणजे स्टुलावर बसून बटणं दाबणारा नव्हे, बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा. तीस वर्षं त्यानं लोकांची वर जायची सोय केली आणि स्वतः राहिला बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावर तोच इतके विनोद करायचा, की दुसऱ्या कुणाला जागाच उरत नसे. बोलण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. एकदा कुठल्याशा इस्पितळाच्या लिफ्टमध्ये चार माणसं पाऊण तास अडकली. हा बाहेरून दाराच्या फटीतून त्यांना किस्से सांगत बसला, आणि सुटका झाल्यावर त्यातल्या एका म्हाताऱ्यानं म्हणे विचारलं, "ते सगळं ठीक, पण तुमच्या त्या मेव्हण्याचं पुढे काय झालं?" हे घडलेलं की रचलेलं, देव जाणे. टेलरबाईनं ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की टीप मारता मारता पुढचं वाक्य ती त्याच्या आधी पुटपुटायची.

अशा माणसाची वाचा जावी, याला काय म्हणावं? आधी हातातून पाना निसटायला लागला. मग जिना चढताना पाय लटपटायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, एकेक स्नायू सुटत जाणार, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार. हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं. टेलरबाईला नेमका त्यानंच घाम फुटला. अडीच वर्षांत हात गेले, पाय गेले, गिळणं गेलं, जेवणासाठी पोटात नळी बसली, आणि एका सकाळी जीभही गेली. आता मागच्या खोलीत खिडकीला लागून खाट, खाटेवर तो, नाकावर श्वासाचा मास्क, आणि पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. दोन्हींच्या मधे पडदा होता, तो तिनं काढून टाकला. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं एक यंत्र आणून बघितलं, पण त्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या असत आणि बुबुळं एका जागी ठरत नसत. उरली काय, तर डावी भुवई.

भुवईवर कॉम्प्युटर चालतो, हे सांगायला एक तंत्रज्ञ बाई आल्या. चाळिशीतल्या, चष्मा कायम डोक्यावर आणि शोधत बसायच्या बॅगेत. त्यांनी लिफ्टवाल्याच्या कपाळावर दोन गोल चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी एका डबीत खोचल्या आणि डबी कॉम्प्युटरला जोडली. स्नायू दिसण्यासारखा हलला नाही तरी चालतं, त्या म्हणाल्या. हलवायचं मनात आणलं की त्यात बारीकशी वीज येते, चकत्या ती पकडतात. पडद्याच्या कडेला एक हिरवी रेघ वरखाली व्हायची आणि तिच्या डोक्यावर एक लाल रेघ आडवी मारलेली होती. हिरवी लाल रेघेच्या वर गेली, की कॉम्प्युटर समजणार, यानं बटण दाबलं. पडद्यावर चौकोन एकामागून एक उजळत जात. हव्या त्या चौकोनावर उजेड आला की भुवई उचलायची. लाल रेघ बाईंनी सातवर ठेवली होती.

पहिल्या दिवशी त्यानं एकेक अक्षर गोळा करत पन्नास मिनिटं लावली, आणि कॉम्प्युटरमधला बाप्या ठणठणीत आवाजात म्हणाला, "पंखा वाजतोय. तेल घाल." टेलरबाई हसली काय, रडली काय, तिचं तिलाच कळेना. दुसऱ्या दिवशीचं वाक्य होतं, "हळू बोलतो म्हणून मधे बोलू नकोस." हा तोच होता, शंभर टक्के तोच. त्याची मोठी बहीण, म्हणजे टेलरबाईची नणंद, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. ती रोज अकराला यायची. तिनं लगेच एक वही काढली आणि धाकट्या भावाचं प्रत्येक वाक्य तारीख-वेळ घालून उतरवून घ्यायला सुरुवात केली.

पण महिना-दीड महिन्यात भुवईही दमायला लागली. हिरवी रेघ उठायची, चढायची आणि लाल रेघेच्या जरा खाली थरथरून परत बसायची. एका दुपारी त्यानं दोन तासांत एक अक्षर काढलं. एक अक्षर! टेलरबाई पुढच्या खोलीतून बघत होती. तिच्या हातात एका गिऱ्हाइकाचा कुर्ता होता. माणूस सुटला होता, कुर्ता कमरेत बसत नव्हता. असं झालं की ती गिऱ्हाइकाला कधी बोलून दाखवत नसे. गुपचूप शिलाई उसवायची, आतलं मार्जिन सोडायची आणि द्यायची. गिऱ्हाईक खूश, कुणाचा अपमान नाही. तिनं कुर्ता खाली ठेवला, उठली, कॉम्प्युटरपाशी गेली आणि लाल रेघ सातवरून दोनवर आणली. कुणाला विचारलं नाही. यात विचारण्यासारखं आहे, असंच तिला वाटलं नाही.

आणि काय सांगावं, नवरा बोलायला लागला! अक्षरांचं पान आता लागत नव्हतं. तयार वाक्यांचं एक पान होतं, बारा चौकोनांचं, तिनं आणि नणंदेनं मिळून बनवलेलं: पाणी हवं, कूस बदल, दुखतंय, मास्क सैल कर, बरं वाटतंय, इथे बस, वगैरे. पहिल्या ओळीतलं पहिलं वाक्य तिनं हट्टानं घालून घेतलं होतं, "तू जेवलीस का?" कारण कामावरून आल्यावर चप्पल काढायच्या आधी तो हेच विचारायचा. आता दिवसातून पन्नास-पन्नास वाक्यं यायला लागली, आणि त्यातलं दर तिसरं "तू जेवलीस का?" ती शिलाई मशीनवरून ओरडून सांगायची, "जेवले हो! किती वेळा विचाराल?" आणि सांगताना स्वतःशीच हसायची. "कूस बदल" आलं की कूस बदलायची, दिवसातून नऊ वेळा. "दुखतंय" आलं की नळीतून औषध. "इथे बस" आलं की हातातलं काम टाकून बसायची, त्याचा पंजा आपल्या मांडीवर घेऊन. कधी कधी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. नणंद म्हणायची, "भारावतो गं तो." टेलरबाई ते पाणी पदरानं टिपायची आणि तिचेही डोळे भरायचे. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तो तिच्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता, हे तिनं जिन्यात दोघीतिघींना सांगितलंसुद्धा.

या सुखाला दृष्ट लागली ती डॉक्टरांच्या एका फेरीत. मास्क आता फार दिवस पुरणार नाही, डॉक्टर म्हणाले. पुढे दोनच रस्ते. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाचं मोठं मशीन कायमचं लावायचं, म्हणजे तो वर्षानुवर्षं जगू शकेल, असाच. नाहीतर नळी घालायची नाही, त्रास होणार नाही एवढं बघायचं आणि जेवढे आठवडे मिळतील तेवढे घ्यायचे. "आणि हे त्यांनी ठरवायचं," डॉक्टर म्हणाले. "डोकं त्यांचं शाबूत आहे. तुमच्या-माझ्या मताला इथे काही किंमत नाही."

धडधाकट असताना हा विषय निघाला की लिफ्टवाला टोलवायचा. "मधेच अडकलो तर तेव्हा बघू. मेकॅनिकला फोन करू." त्यामुळे त्याच्या मनात काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. पडद्यावर दोन चौकोन लावले, "नळी हवी" आणि "नळी नको". सगळे खाटेभोवती उभे राहिले. कॉम्प्युटर म्हणाला, "नळी नको." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "नळी नको." डॉक्टरांनी नोंद केली आणि सांगितलं, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारायचं, मग कागद पक्का.

त्या दिवसापासून टेलरबाई नवऱ्यावर रुसली. मरणाच्या दारातल्या माणसावर रुसतात का? ती रुसली. त्याचं सगळं केलं, पण न बोलता. "तू जेवलीस का?" आलं की जबाब देईना, पायानं शिलाई मशीन आणखी जोरात चालवायची. मी इथे रात्रंदिवस राबते ते कशासाठी, जगा म्हणूनच ना? मग मला एका शब्दानं न विचारता तुम्ही निघालात कुठे? हे ती मनात म्हणे. तोंडानं म्हणायचं धाडस नव्हतं, कारण तो काय उत्तर देईल याची तिला भीती वाटत होती.

दोन आठवडे झाले. दुपारी चारला डॉक्टर येणार, त्या दिवशी सकाळीच तंत्रज्ञ बाई आल्या, दोन महिन्यांची तपासणी करायला. चष्मा बॅगेत शोधला, डोक्यावर सापडला. कॉम्प्युटर उघडला आणि त्यांचा हात थांबला.

"ही रेघ दोनवर कुणी आणली?"

"मी," टेलरबाई म्हणाली. जरा अभिमानानंच म्हणाली. "त्यांना जमेना हो. म्हणून सैल केली. तेव्हापासून बघा कसे छान बोलतात!"

नणंदेनं वही पुढे केली. "तेव्हापासूनची दोनशे सहा वाक्यं आहेत. मी नसते तेव्हाची वेगळीच."

बाईंनी वही घेतली नाही. त्या पडद्यावर काहीतरी शोधत राहिल्या, मग लिफ्टवाल्याच्या कपाळाकडे वाकून बघत राहिल्या. खूप वेळ. त्याच्या भुवईवरची कातडी मधून मधून टचकन उडत होती, पापणी फडफडते तशी. टेलरबाईनं ते रोज बघितलं होतं. या आजारात तसं होतंच.

"वहिनी, जरा बसता का?" बाई म्हणाल्या. "हे जे उडतंय ना, हे ते मुद्दाम करत नाहीत. स्नायू आपोआप उडतो. लाल रेघ सातवर होती ती याचसाठी, की हे उडणं तिथवर पोचू नये. दोनवर आणल्यावर प्रत्येक उडणं हे कॉम्प्युटरला बटणच वाटणार. जो चौकोन उजळलेला असेल, तो तो बोलून टाकणार."

"म्हणजे?"

"म्हणजे रात्री तुम्ही आवाज बंद करता ना? इथे नोंद राहते. काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, 'तू जेवलीस का?' सव्वादोनला पुन्हा. तीनला, 'इथे बस.' साडेतीनला 'तू जेवलीस का?' चार वेळा." बाईंनी आवाज खाली आणला. "ते झोपेत होते, वहिनी. उजेड दर वेळी पहिल्या चौकोनापासून सुरू होतो, म्हणून पहिलं वाक्य सगळ्यात जास्त वेळा लागतं. दुसरं काही कारण नाही."

टेलरबाई बसली नव्हती, ती आता बसली. आधी तिला काहीच वाटलं नाही. मग एकदम नऊ वेळा बदललेली कूस आठवली. नको असताना दिलेलं औषध आठवलं, ज्यानं तो अर्धा दिवस गुंगीत राहायचा. आणि मग त्याच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं, तेव्हा तिनं खाटेची पट्टी घट्ट धरली. तो भारावला नव्हता. त्याच्या उशाशी एक परका आवाज त्याच्या नावानं बडबडत होता आणि बायको त्या आवाजाला हसून उत्तरं देत होती, आणि हे मी नाही गं, हे मी बोलत नाही, एवढं सांगायला त्याच्यापाशी काही नव्हतं. तीस वर्षं माणसं अडकलेल्या लिफ्टपाशी धावत गेलेल्या माणसाला तिनं स्वतःच्या हातानं आत कोंडलं होतं, आणि बाहेर उभी राहून स्वतःशीच गप्पा मारल्या होत्या.

नणंद वही छातीशी धरून म्हणाली, "सगळी? सगळी दोनशे सहा?"

"काही त्यांची असतील, ताई. कुठली, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

तेवढ्यात टेलरबाईचं डोकं दुसरीकडे धावलं. माणसाचं मन मोठं लबाड असतं. ढिगाऱ्याखाली असतानासुद्धा ते फट शोधतं. तिनं विचारलं, "मग ते 'नळी नको'? तेही असंच?"

"त्यावरही भरवसा नाही ठेवता येणार," बाई म्हणाल्या.

टेलरबाई उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतका उजेड आला की नणंद चमकून बघायला लागली. जाऊ दे ते सगळं, टेलरबाई मनात म्हणाली. सगळी दोनशे सहा घ्या. जेवलीस का घ्या, इथे बस घ्या, मी त्यावर तीन आठवडे जगले ते माझं मी बघेन. एकही गोड शब्द ठेवू नका. फक्त त्यांच्याबरोबर ते एक 'नको'पण न्या.

"पुन्हा विचारू," ती म्हणाली. "नीट विचारू. लावा ती रेघ सातवर."

रेघ सातवर लावली. बाईंनी त्याच्या कानाशी सगळं स्पष्ट सांगितलं, काय चुकलं, कुणाच्या हातून चुकलं, आणि आता काय करायचंय. मग म्हणाल्या, "उचला." हिरवी रेघ उठली आणि तीनच्या आसपास मोडली. सहावर आणली, पाचवर आणली, चारवर आणली, शेवटी तीनवर ठेवली. त्याची सगळी ताकद तीनपर्यंत पोचत होती, आणि तीनपर्यंत ते उडणंही पोचत होतं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"दोन्ही एकाच उंचीची झालीत. कॉम्प्युटर फक्त उंची बघतो. बोट लावून कळतं कधी कधी. उडणं असतं ते टचकन येतं आणि जातं, माणूस ओढतो तेव्हा ते हळू येतं, थांबतं आणि हळू जातं." त्यांनी स्वतःचं बोट त्याच्या भुवईच्या टोकाला लावून बघितलं. "नाही बाई. मला सगळं सारखंच लागतंय."

टेलरबाईनं मधलं बोट पुढे केलं. तीस-पस्तीस वर्षं त्या बोटानं कापडाची जात ओळखली होती, डोळे मिटून अस्तर कुठे ताणलंय ते सांगितलं होतं. तिनं ते भुवईच्या टोकाला अलगद टेकवलं. टचकन. "हे नाही," ती म्हणाली. पुन्हा टचकन. "हेही नाही." आणि मग खालून, खोलवरून, काहीतरी हळूहळू ताणत आलं, बोटाखाली क्षणभर उभं राहिलं आणि विरलं. "हे! हे त्यांचं!"

तीन आठवड्यांनंतरची ती त्याची पहिली खरी हाक होती.

बाईंनी खात्री करून घ्यायची म्हणून, उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारले. पडद्यावर "हो" आणि "नाही". लिफ्ट दुरुस्तीचं काम करत होतात का? हो. बहीण तुमच्यापेक्षा लहान आहे का? नाही. ("नशीब!" नणंद डोळे पुसत म्हणाली.) या घराला लिफ्ट आहे का? यावर तो जरा थांबला आणि मग आलं, नाही. आणि टेलरबाईला बोटातून शपथेवर सांगता आलं असतं, की तो हसला. तिन्ही उत्तरं तिनं बरोबर ओळखली. मधली सगळी फडफड बाजूला काढली.

"बास," बाई म्हणाल्या. "एका दिवसात दहा-बारा वेळाच ओढू शकतील. बाकीची ताकद चारसाठी राहू दे."

टेलरबाईला अजून एक विचारायचं होतं. त्या सगळ्यांतलं एक तरी तुमचं होतं का हो, एकच? प्रश्न ओठांवर आला होता. पण तो विचारला तर एक ओढणं खर्च होणार, कदाचित दोन, आणि चार वाजता तेवढंच कमी पडलं तर? तिनं तो प्रश्न गिळला. त्याच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाली, "चुकलं माझं. मी तुमच्यावर रुसलेसुद्धा. त्यात काही नव्हतं तुमचं, आणि मी रुसले." बोट तिनं मुद्दाम लांब ठेवलं, त्यानं उत्तर द्यायच्या फंदात पडू नये म्हणून.

चारला डॉक्टर आले. तंत्रज्ञ बाई त्यांच्यासाठी थांबून राहिल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर चिडतील असं टेलरबाईला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. खुर्ची खाटेजवळ ओढली आणि तिला म्हणाले, "म्हणजे आज यंत्र फक्त निमित्त. तुम्ही सांगाल ते मी लिहिणार, वहिनी. सांभाळून सांगा."

दोन चौकोन लागले. "नळी हवी." "नळी नको." चार-चार सेकंदांनी उजेड इकडून तिकडे. डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं, घाई न करता, गाळून काही नाही. नणंद पायथ्याशी उभी होती. टेलरबाईनं बोट टेकवलं.

एक फेरी काही नाही. दुसरी फेरी काही नाही. तिसऱ्या फेरीला उजेड डाव्या चौकोनावर आला आणि कॉम्प्युटर ठणठणीत म्हणाला, "नळी हवी."

"हो म्हणाला!" नणंदेच्या तोंडून आलं, आणि ती शाळा हाकलेली करारी बाई दोन्ही हातांत तोंड घालून हुंदके द्यायला लागली. "जगायचंय गं त्याला! मी म्हणत होते ना, जगायचंय त्याला!"

डॉक्टरांनी टेलरबाईकडे बघितलं. "वहिनी? हे त्यांचं होतं?"

ते त्याचं नव्हतं. तिला पहिल्या क्षणीच कळलं होतं. टचकन आलं, टचकन गेलं. पण हे कळलेलं जगात फक्त तिच्या एका बोटाला होतं. यंत्र हवी म्हणालं होतं. बहीण रडत होती. डॉक्टर पेन उघडून बसले होते. "हो" एवढं एकच अक्षर, आणि नळी बसली असती, आणि उद्या, परवा, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, ती टीप मारताना मान वळवली की तो तिथे असता. ऊन अंगावर घेत असता. तिला दुसरं काहीच नको होतं. इतक्या वर्षांत तिनं देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता न मागता कुणीतरी ते समोर आणून ठेवलं होतं. खोटं तर यंत्र बोललं होतं. तिनं फक्त मान डोलवायची होती.

"वहिनी?"

चौकोन फिरतच होते. उजेड उजव्या बाजूला गेला, "नळी नको"वर, आणि तिच्या बोटाखाली ते सुरू झालं. खालून, हळू, ताणत. थांबलं. विरलं. हिरवी रेघ लाल रेघेपर्यंत पोचली नाही. यंत्र गप्प राहिलं. डाव्या बाजूला उजेड गेला तेव्हा काही नाही. पुन्हा उजवीकडे आला, पुन्हा तेच, आधीपेक्षा बारीक. यंत्राला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. आणि तरी तो सांगत होता, पुन्हा पुन्हा, उरलंसुरलं सगळं खर्चून, फक्त तिला. तिच्यावर भरवसा ठेवून.

तिनं परत त्याला आत कोंडलं असतं, तर या वेळी ते चुकून झालं नसतं.

"नाही," टेलरबाई म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं. "ते उडणं होतं, डॉक्टर. त्यांचं नव्हतं. ते नको म्हणतायत."

"अगं, पण मशीन हवी म्हणालं ना!" नणंद ओरडली.

"मशीन म्हणालं, ताई. हे नाही म्हणाले."

"तुला काय कळतंय? आत्ता तर काही वाजलंसुद्धा नाही! तू आपल्या मनानं मारतेस का त्याला?"

टेलरबाईनं मान वर केली नाही. नणंदेचं काही चुकत नव्हतं. तिच्या जागी ती स्वतः असती तर याहून वाईट बोलली असती. उजेड पुन्हा उजवीकडे आला होता. "आत्ता," ती म्हणाली. "आत्ता पुन्हा म्हणतायत. नको." तंत्रज्ञ बाईंनी पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बोट दाखवलं, ती जेमतेम उठली होती, सावकाश, आणि सावकाश बसत होती. डॉक्टरांनी बघितलं. आणखी दोन फेऱ्या ते तसेच बघत राहिले, आणि दोन्ही वेळा टेलरबाईला आपल्या तोंडानं तो शब्द म्हणावा लागला. मग त्यांनी लिहायला घेतलं.

तो मात्र थांबेना. त्याला बिचाऱ्याला काय कळणार, पोचलं की नाही पोचलं? उजेड उजवीकडे आला की तो ओढत होता, आता इतकं बारीक की बोट टेकवूनही तिला श्वास रोखून वाट बघावी लागत होती. टेलरबाई त्याच्या कानाशी वाकली.

"पोचलं," ती म्हणाली. "सांगितलं मी त्यांना. नको म्हणून सांगितलं. लिहून घेतायत ते. आता नका ओढू, दमाल. कळलंय मला."

बोटाखाली आणखी एकदा ताण आला, आणि मग भुवई सैल पडली.